स्वस्त पेटी, महाग घाट

गेल्या उन्हाळ्यात पन्हाळ्यातल्या एका केबलचालक मित्राने माझ्यासमोर दोन दरपत्रके ठेवली. कोल्हापूरहून फायबर आणून गडावरची काही हॉटेले आणि एक पतसंस्था यांना व्यवसायासाठीची इथरनेट जोडणी द्यायची होती. एक दरपत्रक दुसऱ्याच्या निम्म्या रकमेचे होते. मी अभियंता नाही. पुस्तके वाचून आणि बंद पडलेली यंत्रे उघडून शिकलेला माणूस. म्हणून मत न देता हिशेब मांडला.

स्वस्त दरपत्रक जीपॉन पद्धतीचे होते. यात एकाच तंतूतला प्रकाश, वीज न लागणाऱ्या स्प्लिटरने अनेक ग्राहकांत वाटला जातो. ग्राहकाकडे येणारा एकूण वेग सुमारे 2.5 गिगाबिट, त्याच्याकडून जाणारा 1.25. बत्तीस जणांनी एकदम वापर केला, तर प्रत्येकाला येताना 78 आणि जाताना 39 मेगाबिट मिळतात. हॉटेलांना हे पुरते. पतसंस्थेला मात्र ठरलेला वेग कायम हवा. जीपॉनमध्ये वेग राखून ठेवता येतो, पण राखलेल्या वेगांची बेरीज या मर्यादेतच बसवावी लागते.

आता प्रकाशाचा हिशेब. जीपॉनच्या प्रचलित बी-प्लस वर्गात 28 डेसिबलपर्यंत घट चालते. कोल्हापूर ते पन्हाळा अंतर सुमारे 20 किलोमीटर. किलोमीटरमागे 0.35 धरले तर 7 डेसिबल तंतूतच जातात. बत्तीस वाटांचा स्प्लिटर 17 घेतो, कनेक्टर आणि सांधे 3. एकूण 27. उरला एक डेसिबल! पावसाळ्यात केबल तुटली की नवे सांधे पडतात, आणि दोन-चार वर्षांत तो एकही संपतो. कागदावर चालणारी रचना मग अधूनमधून बंद पडू लागते.

तिसरी गोष्ट दरपत्रकात दिसतच नाही. पतसंस्थेसाठी सुचवलेला साधा मीडिया कन्व्हर्टर बंद पडला, तर कोल्हापुरात एवढेच कळते की जोडणी गेली. तंतू तुटला की गडावरची वीज गेली, हे पाहायला माणूस घाट चढून येतो. थोडी महाग यंत्रे वीज जाताना शेवटचा एक संदेश पाठवतात. 2004 च्या इथरनेट मानकात त्याची सोय आहे. पन्हाळ्याच्या पावसात वाचलेल्या अशा चार फेऱ्यांत किमतीतला फरक बराचसा भरून निघतो.

राहिला रस्त्याचा प्रश्न. 2021 च्या जुलैतील अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला. त्याच रस्त्याकडेने दोन केबल टाकल्या, तर त्या दोन वाटा होत नाहीत. 2011 मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत ग्रामपंचायती जोडायला जीपॉनच वापरले होते. 2023 च्या सुधारित योजनेने वर्तुळाकार मांडणी स्वीकारली, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाहतूक चालू राहते. वेढ्यातही उपयोगी पडणारी दुसरी वाट काय असते, हे राजदिंडीच्या गावाला वेगळे सांगायला नको.

शेवटी मित्राने दोन्ही दरपत्रकांतले थोडे थोडे घेतले. कोल्हापूर ते गड थेट इथरनेट, 40 किलोमीटर क्षमतेच्या मॉड्यूलवर. ही मॉड्यूल जवळच्या अंतरावर लावू नयेत, समोरचा ग्राहक-डोळा दिपतो. वीस किलोमीटरला मात्र योग्य. जीपॉनचे मुख्य यंत्र बॅटरीसह गडावर, तिथून आठ वाटांच्या स्प्लिटरने हॉटेले. पतसंस्थेला स्वतंत्र तंतू, वीज गेल्याचे कळवणारी पेटी आणि मोबाइल नेटवर्कवरची राखीव जोडणी.

खर्च दोन्ही दरपत्रकांच्या मधला आला. खरेदीला निघणाऱ्या कुणालाही माझे सांगणे एवढेच : पेटीची किंमत शेवटी विचारा. आधी विचारा, पाच वर्षांनी किती डेसिबल शिल्लक असतील, आणि बिघाड झाला तर भर पावसात घाट कोण चढणार?