प्रतिकृती-हेलिकॉप्टरची मोटर

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून आमच्या धारगळच्या मुलांचे दूरनियंत्रित हेलिकॉप्टरविषयीचे प्रश्न माझ्यापाशी येतात, आणि ते बहुधा मोटरपाशीच थांबतात.

मोटरवरील ‘केव्ही’ हा आकडा तिची ताकद दाखवितो, असा समज आहे. वस्तुतः भाराविना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे होतील, एवढेच तो सांगतो. ३५०० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर सुमारे ३८,८५० फेरे घेईल. तिच्यावरील चाकाला १३ आणि मुख्य चक्राला १५० दाते असल्यास पंख्याच्या वाट्याला सुमारे ३,३७० फेरे येतात. हवेच्या भाराखाली आणखी कमी.

मोह होतो तो एक दाता वाढविण्याचा. फेरे जेमतेम आठ टक्क्यांनी वाढतात. परंतु पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सव्वापट होते. हा बोजा मोटरची गुंडाळी, वेगनियंत्रक आणि बॅटरी या तिघांवर पडतो, व जे दुर्बळ असेल ते आधी जळते. मोटर बदलायचीच तर केव्ही तोच ठेवून मोठ्या गाभ्याची घ्यावी, असे माझे मत आहे.

घरात जुळणी तपासताना पाती काढून ठेवावीत. ७० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याचे टोक २,८०० फेऱ्यांना ताशी ३६० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. आणि उड्डाणापूर्वी, विमानतळ इतका जवळ असताना, २०२१ च्या ड्रोन नियमांनुसारच्या नकाशात आपले मैदान कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते, ते पाहून घ्यावे.