जुन्या ‘सी हॉक’चा रंग उतरवताना

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला आणि सिंधुदुर्गवासीयांनी नौदलाची विमानं डोक्यावरून जाताना पाहिली. त्याच नौदलाच्या ‘सी हॉक’ विमानांनी १९७१च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते. ‘सी हॉक’चं जुनं प्लास्टिक मॉडेल घरात असेल, तर फेकू नका. रंग उतरवून ते पुन्हा उभं करता येतं.

ही मॉडेलं पॉलिस्टायरीनची असतात. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळतं, म्हणून ते कटाक्षाने टाळा. ॲक्रिलिक रंगाला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. जुना, कडक इनॅमल मात्र हट्टी. त्यासाठी ब्रेक ऑइल वापरतात. काचेच्या झाकणबंद बरणीत सुटे भाग रात्रभर बुडवा, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. हातमोजे हवेतच. कॉकपिटची पारदर्शक काच आधीच काढून ठेवा, तिला तडे जाऊ शकतात. चिकटचित्रं वाचत नाहीत, त्यामुळे खुणांचे फोटो आधी काढा.

शेवटी भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. नवा रंग पावसाळा सरल्यावरच द्या. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो.

वापरलेलं ब्रेक ऑइल विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू नका. गॅरेजवाल्याकडे द्या.