गिरणीच्या आवारातून मॉलच्या साखळीकडे

फिनिक्स मिल्स ही कंपनी १९०५ साली मुंबईत सुती कापडाच्या धंद्यासाठी स्थापन झाली. लोअर परळची तिची गिरणी रुईया कुटुंबाची. १९५९ मध्ये कंपनीचे शेअर मुंबई शेअर बाजारात आले, तरी कारभाराची सूत्रे घराण्याकडेच राहिली. देशातल्या मोठ्या मॉल-साखळ्यांपैकी एक याच आवारातून उभी राहिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव, म्हणजे मुंबईतला गिरण्यांचा भाग, पूर्वीसारखे उभे राहिले नाही. कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरू लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पुनर्विकासाच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनंतर ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीचा अर्थ कामगार आणि शहराच्या बाजूने लावला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गिरणगावातल्या मॉलचा कोणताही इतिहास या वाटणीपासूनच सुरू करावा लागतो, कारण गेलेली मैदाने आणि न झालेली घरे याच हिशेबातली आहेत.

अतुल रुईया १९९६ मध्ये कंपनीत आले. गिरणीच्या इमारती टप्प्याटप्प्याने दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीच्या जागांना दिल्या गेल्या आणि ‘हाय स्ट्रीट फिनिक्स’ आकाराला आले. बिग बझारच्या स्वस्त मालासाठी येणारे गिऱ्हाईक आणि पुढे ‘पॅलेडियम’मधल्या परदेशी ब्रँडचे गिऱ्हाईक एकाच आवारात येऊ लागले. गिरणीची चिमणी तिथे राखून ठेवलेली आहे.

त्या काळात अनेक बिल्डरांनी मॉल बांधून त्यातले गाळे सुटे विकले. पैसा लगेच हाती आला, पण मालक शेकडो झाले. कोणत्या मजल्यावर काय असावे, सफाई कोणी करावी, बंद गाळ्याचे काय करावे, हे ठरवणारा कोणी उरला नाही आणि असे कित्येक मॉल ओस पडले. फिनिक्सने गाळे भाड्याने देण्यावर भर दिला. या पद्धतीत दुकानदार ठरावीक किमान भाडे देतो आणि विक्री वाढली की तिच्यातला वाटा देतो. म्हणून दुकान चालणे ही मालकाचीही गरज बनते. चालत नसलेल्या दुकानाच्या जागी दुसरे आणता येते. मोठे दुकान किंवा चित्रपटगृह सवलतीच्या भाड्यात घेऊन त्याच्या गर्दीवर लहान दुकाने चालवता येतात. घराण्याकडे धीराचे भांडवल असल्याशिवाय हे जमत नाही, आणि रुईयांची खरी कामगिरी हीच.

२०११ मध्ये कुर्ला, पुण्याचे विमाननगर आणि बंगळुरू येथे ‘मार्केटसिटी’ नावाचे मॉल उघडले, २०१३ मध्ये चेन्नईत. विस्ताराला एका घराचा पैसा पुरेना, तेव्हा २०१७ मध्ये कॅनडाच्या पेन्शन निधीशी भागीदारी झाली. करोनाकाळात मार्च २०२० पासून मॉल बंद होते. महाराष्ट्रात ते ५ ऑगस्टला उघडले. त्याच वर्षी लखनौला ‘पलासिओ’ सुरू झाला. पाठोपाठ इंदूर व अहमदाबाद, आणि २०२३ मध्ये पुण्यात वाकड आणि बंगळुरूत हेब्बाळ.

मराठवाड्यात या साखळीचा मॉल नाही. छत्रपती संभाजीनगरचा २०१० चा प्रोझोन वेगळ्या कंपनीचा. का नाही, हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील हट्टा या गावावरून कळते. इथला शेतकरी कापूस आणि हळद पिकवतो, पण त्याचा पैसा वर्षातून एका-दोन हंगामांतच हाती येतो. मॉलला मात्र दर शनिवार-रविवारी खर्च करणारी, महिन्याच्या पगारावर जगणारी दाट वस्ती लागते. लग्नाचा बस्ता बांधायला इथली घरे परभणी-नांदेडची वाट धरतात. तिथला कापड दुकानदार घराणे ओळखतो, अडल्या वेळी उधारी लिहून ठेवतो आणि कापूस विकला गेला की वसूल करतो. पगाराच्या तारखेवर चालणाऱ्या मॉलमध्ये अशा वहीला जागा नसते.