ध्रुवाजवळची नोकरी आणि रोज्याची वेळ

पीएचडी म्हटलं की आपल्या भंडारा-तुमसरकडच्या घरांत पहिला सवाल फीचा येतो. नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी असते, साधारण तीन-चार वर्षांची. जाहिरात निघते, अर्ज आणि मुलाखत होते, नियुक्तीपत्र आलं की निवास परवाना काढायचा. (एमएस्सीला मात्र २०२३ पासून युरोपबाहेरच्या मुलांना फी लागते, तिथे गफलत नको.) ट्रोम्सो शहरातलं आर्क्टिक विद्यापीठ अशाच जागा भरतं.

वालिदैनची खरी फिकीर वेगळीच असते. ट्रोम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. मग सेहरी-इफ्तार कधी? तिथले बरेच मुसलमान मक्केची वेळ धरतात. नकाशा उघडून बघा: मक्का आणि भंडारा दोन्ही २१ अंश उत्तर अक्षांशावर! म्हणजे रोजा जवळपास घरच्याइतकाच लांब. काही आलिम मक्केऐवजी दिवस-रात्र नीट होणाऱ्या जवळच्या शहराची वेळ सांगतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्यावं.

मुलाला एवढं लांब धाडायचं नसेल, तर गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आर्क्टिकमधलं २००८ साली सुरू झालेलं भारताचं ‘हिमाद्री’ स्थानक तेच चालवतं.