सागाची पालवी आणि पाने खाणारी अळी

मृगाचे दोन पाऊस झाले की सिंदेवाहीकडचे रान पाहता पाहता हिरवे होते. उन्हाळाभर उघड्या राहिलेल्या सागाला पालवी फुटते. हे कोवळे पान चोळले की तळवा लाल होतो, हे गुराख्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. पण कधी कधी पंधरा दिवसांतच धुऱ्यावरचा तोच साग पुन्हा बोडका होतो आणि खाली अळ्यांच्या लेंड्यांचा सडा पडतो. 'झाड गेले' म्हणून कोणी कुऱ्हाड काढतो. तसे करू नका. झाड मरत नाही, पुन्हा फुटते.

या अळीला शास्त्रात हायब्लिया प्युएरा म्हणतात. तिचे पाखरू लहानसे. पुढचे पंख करडे, मागचे काळे-नारिंगी. मादी अंडी घालते ती कोवळ्या पानावर, एकेक सुटे. यातच सारे आले. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी जून पानावर तग धरत नाही. थोडी मोठी झाली म्हणजे मग निबर पानही खाते. कोवळा पाला मिळाला तर ती दहा-बारा दिवसांत पुरी वाढते, पानाची कड कापून, दुमडून त्यात लपते आणि शेवटी खाली पाचोळ्यात कोष करते. पालवी फुटण्याचे दिवस आणि पाखरांचे दिवस जुळले, की रान ओरबाडले जाते.

पावसाळा सरताना आणखी एक अळी येते, यूटेक्टोना मॅकेरॅलिस. हिला जून पान चालते. शिरा तेवढ्या ठेवून ती पानाची जाळी करते. दुरून रान जळाल्यासारखे दिसते. लोक घाबरतात ते हिला.

पण घाबरायचे कोणाला? केरळ वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या ४ ते ८ वर्षांच्या सागावर केलेले काम १९८५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या अळीपायी लाकडाची होऊ शकणारी वाढ ४४ टक्क्यांनी घटली. जाळी करणारीमुळे म्हणावा असा फरक पडला नाही. पानगळीच्या तोंडावरचे पान गेले काय, राहिले काय! पालवीचे पान मात्र झाडाचा वर्षाचा पगार आहे.

तेव्हा नव्या रोपांकडे रोवणीच्या गडबडीतही चार दिवसांआड एक फेरी मारावी, दुमडलेली पाने अळीसकट खुडावीत. उंच झाडांवर औषध मारू नये. आपल्याकडे ऐनावर, अर्जुनावर टसरचे किडे पाळतात. तीही पतंगाचीच अळी. वाऱ्याने उडालेले औषध आपली-परकी पाहत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी शाळा उघडताच दोन बरण्या घ्याव्यात. एकीत सागाचे कोवळे पान, दुसरीत जून. दोन्हींत सारख्याच बारीक अळ्या सोडाव्यात, तोंडाला फडके बांधावे. पाने रोज बदलावीत, ती मात्र त्याच जातीची. कोणत्या बरणीत किती अळ्या उरल्या, हे मुलांनी रोज सकाळी फळ्यावर लिहावे.