माळेला झोळ कशाला?

दिवाळी असो की नाताळ, चंद्रपूर-गडचिरोलीकडे कवेलूच्या घरांवरही दिव्यांच्या माळा चढतात. माळ सरळ रेषेत दिसावी म्हणून आपण ती करकचून ताणतो, आणि ती नेमकी टोकाशी तुटते. असं का होतं?

दोघांनी दोरीच्या मधोमध पाण्याची बादली अडकवून दोन्ही टोकं धरावीत. दोरी खाली लोंबते तोवर बादली सहज पेलते. दोरी आडवी करायला जावं, तर हात भरून येतात. वजन खाली ओढतं, पण आडवी दोरी वर जवळजवळ ओढतच नाही. तिची बहुतेक ओढ बाजूला जाते. म्हणून तेवढंच वजन पेलायला ताण कितीतरी वाढतो.

10 मीटर अंतरावर 2 किलोची माळ बांधली आणि मध्ये 1 मीटर झोळ ठेवला, तर टोकाला साधारण पावणेतीन किलोचा ताण येतो. झोळ 10 सेंटिमीटरच ठेवला, तर तोच ताण 25 किलोंवर जातो! विजेच्या खांबांवरच्या ताराही मुद्दाम सैल सोडतात, त्या याचसाठी.

शिवाय माळेतली तार वीज वाहण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नाही. तेव्हा आधी जमिनीवरच माळ नायलॉनच्या दोरीला जागोजागी बांधा. वळचणीला आकडे एकदाच कायमचे ठोकून ठेवा. मग लांब, कोरड्या बांबूच्या टोकाने दोरी आकड्यांत अडकवा. कवेलूंवर चढावं लागत नाही, कवेलू फुटत नाहीत. माळ वर जाईपर्यंत पिन मात्र बोर्डाबाहेरच ठेवा.