लेथवरचा 24 व्होल्टचा दिवा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये जुना लेथ पाहा. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा ‘एंटरप्राइज’ असो की एचएमटीचा, त्याला वाकणाऱ्या नळीवर पत्र्याची टोपी घातलेला एक दिवा दिसेल. टूलचं टोक जॉबला नेमकं कुठे टेकतंय, हे टर्नर त्याच उजेडात पाहतो. छतावरची ट्यूब इथे कामाची नाही. वाकलेल्या माणसाची सावलीच आडवी येते.

या दिव्याला 230 व्होल्ट थेट मिळत नाहीत. पॅनलमधला छोटा ट्रान्सफॉर्मर बहुतेक यंत्रांवर ते 24 वर आणतो. कूलंटने हात ओले, भोवती धारदार चिप्स आणि दिवा सारखा हलवल्याने वायर कुरतडलेली. अशा जागी आवरण फाटलं तरी 24 व्होल्टचा झटका सहसा जिवावर बेतत नाही. शिवाय 60 वॅटच्या बल्बला 230 व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, 24 वर अडीच लागतात. म्हणून याची फिलामेंट जाड आणि आखूड असते. ती यंत्राचे हादरे सोसते आणि एसीच्या चढउतारात फारशी गार होत नाही, त्यामुळे उजेड स्थिर राहतो.

हा स्थिरपणा फार मोलाचा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. त्यावर साधा एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण 2000 आरपीएमवर फिरणारा तीन जॉचा चक दोन लुकलुकींमध्ये बरोबर एक तृतीयांश फिरतो. प्रत्येक जॉ पुढच्याच्या जागी येतो आणि चक थांबल्यासारखा भासतो. चार जॉच्या चकचं हेच 1500 आरपीएमला होतं. तिथे हात गेला तर काय होईल, हे कामगाराला सांगायला नको.

तरीही बदल करायलाच हवा. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, टोपीने हात भाजतो, कूलंटचा थेंब पडून काच तडकते. सात-नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. फक्त ‘24 व्होल्ट’ एवढंच वाचून तो घेऊ नका. 24 व्होल्ट एसीचं शिखर 34 व्होल्टला पोचतं, आणि भार कमी झाला की जुना ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो. फक्त 24 व्होल्ट डीसीसाठी केलेली गाडीची पट्टी तिथे टिकत नाही. एसी-डीसी दोन्हींवर चालणारा, 12 पासून 60 व्होल्टपर्यंत सोसणारा आणि आत कॉन्स्टंट-करंट ड्रायव्हर असलेला बल्ब घ्यावा. लुकलुक उरली तर वायरमनकडून ब्रिज रेक्टिफायर आणि 63 व्होल्टचा कपॅसिटर बसवून घ्यावा. मात्र मग बल्ब डीसीवर चालणाराच हवा. बंद टोपीत एलईडीही तापतो, म्हणून वारा खेळायला वाट ठेवावी. रंगाचं म्हणाल तर मी 4000 केल्विनच्या बाजूचा. 6500 चा निळसर उजेड घासलेल्या लोखंडावर डोळ्यांत खुपतो.

सगळ्यात धोक्याचा मार्ग मात्र सोपा दिसतो: ट्रान्सफॉर्मर काढून टाका आणि बाजारातला घरगुती एलईडी लावा. होल्डर तोच असल्याने तो बसतो आणि लागतोही. पण ज्या वायरीला कालपर्यंत निर्धास्त हात लावत होतो, तिच्यात आता 230 व्होल्ट धावतात. शेडमालकांना विनंती आहे: बल्ब बदला, ट्रान्सफॉर्मर ठेवा, आणि होल्डरजवळ ‘24 व्होल्ट’ ठळक लिहून ठेवा.